उतरायची परवानगी

डोंगरावरून सायकल खाली आणायला परवानगी लागते, हे गुरुग्रामला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. निम्मं आयुष्य कोथरूडला गेलं. वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला गेलं की हेल्मेटवाली पोरं शेजारून खडखडत खाली जायची, आम्ही बायका ‘अरे, हळू!’ म्हणत बाजूला व्हायचो आणि विषय तिथेच संपायचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला आले आणि जावयाच्या सायकलीनं मला कामाला लावलं.

ही सायकल म्हणजे आपली हिरो-अ‍ॅटलस नव्हे. बाल्कनीत वॉशिंग मशीनची जागा अडवून एक अवजड प्रकरण उभं असतं. पुढचा काटा मोटरसायकलचा वाटावा असा, मागे स्प्रिंग, मनगटाहून जाड टायर आणि बटण दाबलं की खाली जाणारी सीट. किंमत मी एकदाच विचारली. लेकीनं डोळ्यांनी खुणावलं, तेव्हापासून तो विषय काढला नाही. एवढी महागडी सायकल चढावर मात्र फारशी कामाची नाही. ती ढकलत वर न्यायची आणि खाली येताना तेवढी चालवायची. या खेळाला डाउनहिल म्हणतात.

जावईबापू नागपूरचे. त्यांच्या टोळीत दिल्ली, फरीदाबाद, नोएडा इथली दहा-बारा मुलं, त्यात दोन मुली. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला एका टेकाडावर ही मंडळी वर्षानुवर्षं जायची. मग एका रविवारी एका खाकीवाल्यानं हटकलं, सायकलींचे फोटो काढले, पुन्हा दिसलात तर बघा म्हणाला. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, आता चोरून नाही, रीतसर मागायचं. एक ठरलेली वाट, ठरलेली वेळ, बस. मोहीम काढायची. आणि मोहिमेला पांढऱ्या केसांचं, कागद वाचणारं कुणीतरी हवं होतं. ‘आई, तुम्ही इतकी वर्षं कर्जखात्यात होता. फायली तुम्हाला कळतात.’ जावयानं तोंडानं मागितलेलं काम. नाही कसं म्हणणार?

दिवाळीनंतरच्या रविवारी मला ‘साइट’ दाखवायला नेलं. इथली पंचाईत अशी की सायकलीचा मोसम आणि धुराचा मोसम एकच. उन्हाळ्यात दगड भाजतो, पावसाळ्यात झुडपं वाट गिळून टाकतात. उरतात थंडीचे महिने. तेव्हा हवेचा निर्देशांक चारशेपार गेला की शाळा बंद होतात, बांधकामं थांबतात, आणि ही मंडळी तोंडाला मास्क, त्यावर हनुवटीपर्यंत येणारं हेल्मेट चढवून डोंगराकडे निघतात.

गाडीतून उतरून, थोडं चालून मी डोंगर शोधायला लागले. ‘आई, हाच.’ मी त्याच्यावरच उभी होते. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला अरवली बोट धरून दाखवावी लागते. हिमालयाच्या कितीतरी आधीची ही रांग. झिजून झिजून जे उरलं ते दिल्लीच्या दक्षिणेला काटेरी झुडपांतून डोकं वर काढतं. दगड मात्र कडक, क्वार्ट्झाइट, गारगोटीच्या कुळातला. पायथ्यापासून माथा मोबाइलवर जेमतेम साठ मीटर भरला. वर ढकलायला वीस मिनिटं, खाली यायला दीड. एवढ्यासाठी मोहीम?

मग वरून एक मुलगा सुटला. आधी नुसता आवाज, जिन्यावरून बादली गडगडत यावी तसा. मग वळणावर तो दिसला. सीटवर नाहीच, पेडलवर उभा, कोपर बाहेर, नजर पार पुढच्या वळणावर. एका खडकाच्या टोकावरून तो चक्क हवेत गेला आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. खाली येऊन थांबला तर पुढच्या चाकातून फस्स आवाज. वाकून बघितलं. टायरच्या जाड नक्षीत वेड्या बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा, आरपार. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीचा खडकाळ कणा हिरवा करायला हे परदेशी झाड आणलं. इथे त्याला विलायती कीकर म्हणतात. पोरानं पक्कडीनं काटा उपसला. भोकातून पांढरा द्रव फसफसत बाहेर आला. त्यानं भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून धरलं, मनात काहीतरी मोजलं, आणि फसफस थांबली. या टायरांत ट्यूब नसतेच. तो द्रव आतून बुजवतो. काटा त्यानं खिशात टाकला. वाटेवर टाकला तर मागून येणाऱ्याला लागेल म्हणाला. त्या क्षणी मी मनातल्या मनात अर्जावर सही केली.

अर्जाची पहिली ओळ ‘प्रति’. तिथेच घोडं अडलं. जागा कुणाची?

पटवारी, म्हणजे आपला तलाठी, कापडी नकाशा पसरून बसला. लट्ठा म्हणतात त्याला. कापड पिवळं पडलेलं, घड्यांवर शाई उडालेली. शेतांचा भाग बारीक चौकटींनी भरलेला, प्रत्येकीत आकडा. डोंगराशी आलं की चौकटी संपतात आणि मोठ्या कोऱ्या जागेत एकच आकडा उरतो. वहीत त्या आकड्यापुढे ‘गैर मुमकिन पहाड़’. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात त्या जातीची नोंद. मालकीच्या रकान्यात शामलात देह, गावाची सामाईक जमीन. पण या पट्ट्यातल्या कित्येक गावांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत अशा जमिनी हिस्सेदारांच्या नावे झाल्या आणि पुढे दिल्लीच्या खरेदीदारांकडे गेल्या. आमच्या टेकाडाच्या हिस्सेदारांची यादी पानंच्या पानं चालली.

वर १९०० सालचा पंजाब लँड प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट. हरियाणा १९६६ साली वेगळा झाला तो हा कायदा काखेत घेऊनच. त्याच्या कलम ४ खाली आदेश निघाला की तिथे झाड तोडायला, दगड काढायला, पडीक जमीन फोडायला मनाई करता येते. आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा विशेष आदेशाखालची जमीन वनच मानायची. म्हणजे मालक खासगी, जमीन जंगल, शेळ्या गावाच्या आणि पहारा सरकारचा. असं तारण बँकेत आलं असतं तर मी फाइल दुपारच्या चहाआधी परत केली असती.

मुलांचे चेहरे पडले ते ‘जमीन फोडायला मनाई’पाशी. डाउनहिलची वाट नुसती सापडत नाही, घडवावी लागते. वळणावर मातीचा तिरपा बांध घालायचा, त्याला ही मुलं बर्म म्हणतात. उडीसाठी चढण रचायची, पाणी वाहून जायला चर काढायचा. डिकीत तीन फावडी तयार होती.

अर्जासाठी त्यांनी केलेलं सादरीकरण मी चष्मा लावून नीट बघितलं. पहिल्या चित्रापासून बर्फाचे डोंगर. मला वाटलं चुकीची फाइल उघडली. पण परदेशात ही मागणी स्कीइंगच्या रिसॉर्टकडे करतात, हे त्यातून कळलं. तिथे हिवाळ्यात माणसांना वर नेणारे पाळणे असतात. बर्फ वितळलं की पाळणे रिकामे आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू. सायकलवाले जाऊन म्हणतात, उन्हाळ्यात आम्हाला वर न्या, तिकीट काढतो. कॅनडातल्या व्हिसलरला १९९९ पासून असा बाइक पार्क चालतो. अमेरिकेत पुष्कळ स्की रिसॉर्ट सरकारी वनजमिनीवर आहेत. बर्फाखेरीज दुसऱ्या खेळांना तिथे परवाना द्यायचा का, हा घोळ तिथल्या संसदेनं २०११ साली कायदा करून मिटवला, आणि डोंगरी सायकलीच्या वाटा त्यात नाव घेऊन घातल्या.

हे मला चटकन समजलं, कारण ही कर्जखात्याची भाषा. हो म्हणणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतंय. आमच्या टेकाडावर कुणाचे पाळणे रिकामे होते? दिल्ली-एनसीआरमध्ये बर्फ आहे ते नोएडाच्या मॉलमध्ये, तिकीट काढून, भाड्याचा कोट घालून बघायचं. इथे हो म्हटल्यानं कुणाचा फायदा नव्हता आणि नाही म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. असला अर्ज कुठल्याही कचेरीत जागचा हलत नाही. मी हे जेवताना बोलून दाखवलं. जावईबापूंनी हातातली पोळी खाली ठेवली. लेक म्हणाली, ‘आई, जरा दमानं.’

दमानं घ्यावं असं पुढे जे वाचलं त्यात काही नव्हतं. हा खेळ जिथे जन्मला त्या कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही टवाळ पोरं १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका उताराच्या शर्यती लावायची. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नव्यानं भरावं लागायचं. त्यावरून शर्यतीचं नाव रिपॅक. त्या पोरांतल्या काहींनी पुढे सायकलींचा धंदा जगभर नेला. आणि जवळच्याच माउंट टॅमलपाइसवर, बहुतेक सगळ्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर ५. जन्मगावी ही गत, तर हरियाणात आम्ही कोण लागून गेलो?

मोहीम म्हणजे दारोदार हिंडणं. मांगर गावाला गेलो. तिथे मांगर बनी आहे, आपल्या देवराईसारखं राखलेलं जंगल. धौ नावाची झाडं, आपल्या धावड्याची भावकी. मांगर, बंधवाडी, बलियावास या गुर्जर गावांची गुदडिया दास बाबांवर श्रद्धा. बनीतली फांदी मोडणाऱ्याचं भलं होत नाही असं मानतात. कुंपण नाही, पाटी नाही, आणि तरी दिल्लीच्या इतक्या जवळ ते रान टिकलंय. बनीकडे चाक वळवायचं नाही हे मुलांनी आधीच आपसात ठरवलेलं होतं. मला बरं वाटलं.

आमच्या टेकाडाखालच्या गावात एका ताऊंच्या खाटेशी सभा भरली. हुक्क्याची नळी बाजूला करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर ढकलत नेतो, खाली चालवत येतो, इतकंच. ताऊ म्हणाले, ‘उतरणा ए था, तो चढ्या क्यूं?’ सगळं आवार हसलं. आमच्यात अभियंते, वकील, एक डॉक्टर. उत्तर एकाकडेही नव्हतं. मग ताऊच म्हणाले, थार जीपवाले येतात, झुडपं चिरडत जातात, ते तर कधी विचारायला आले नाहीत. तुम्ही का विचारताय? हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जड वाटला. न विचारणारा फिरतो आणि विचारणाऱ्याला खसरा नंबर, म्हणजे नकाशातला तो जमिनीचा आकडा, मागतात, हे मी बँकेतही पाहिलंय.

विरोधही झाला, आणि तो कचेरीतून नव्हे. पक्षी बघणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आम्हाला घरी बोलावलं, उत्तम चहा दिला आणि सोलून काढलं. पलीकडे दिल्लीच्या हद्दीत असोला-भट्टीचं अभयारण्य. भट्टीच्या खाणींतून निघालेल्या लालसर बदरपूर वाळूनं निम्मी दिल्ली बांधली; १९९० साली खाणी बंद झाल्या, रान हळूहळू परतलं, आणि आता तिथल्या कॅमेऱ्यांत बिबटे दिसतात. आपल्या मुंबईच्या बीएनएचएस या निसर्गसंस्थेचं केंद्रही तिथेच आहे. बिबट्याला राज्याची सीमा कळत नाही, बाई म्हणाल्या. रातवा आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात. टायरखाली दगड कुठला आणि अंडं कुठलं हे तुमच्या पोराला दीड मिनिटात दिसणार आहे का? लांब केसांचा एक मुलगा शेळ्यांचं उदाहरण द्यायला लागला. मी त्याला टेबलाखालून पाय मारला. शेळी चाळीसच्या वेगानं येत नाही.

आणि मग २० नोव्हेंबर २०२५. अर्जाचा मसुदा नुकता पक्का झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं केंद्राच्या समितीनं सुचवलेली व्याख्या स्वीकारली: भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा जास्त उंच उठलेला भाग, तोच अरवलीचा डोंगर. व्याख्या खाणकामाच्या संदर्भातली, पण बातमी पसरली तशी शहर हललं. सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे एरवी पार्किंगवरून युद्ध चालतं, तिथे डोंगर वाचवायचे संदेश. आमच्या मंडळींचं सगळं लक्ष एका आकड्यावर. साठ. आमचा डोंगर डोंगर नव्हता. पूर्व दिल्लीतला गाझीपूरचा कचऱ्याचा ढीग २०१९ मध्येच ६५ मीटरला पोचला होता. तोही बसत नव्हता म्हणा.

त्या रात्रीची व्हिडिओ बैठक मी विसरणार नाही. एक मुलगा उत्साहानं म्हणाला, मग तर आपलं काम सोपं झालं! अरवलीच नाही, तर अरवलीचे नियम कसले? फावडी काढा. दोघा-तिघांनी अंगठे दाखवले. कायद्यानं ते खरं नव्हतं. कलम ४ आपल्या जागी होतंच, हे मी सांगत होते, पण माझा माइक बंद होता. बोलली ती फरीदाबादची मुलगी. तिचे आजोबा खाणीवर मुकादम होते. सूरजकुंडाच्या पलीकडे डोंगर कापून झालेले निळ्या पाण्याचे खड्डे तिनं लहानपणापासून पाहिलेले, त्यांत पोहायला जाऊन बुडालेली मुलंही. ती म्हणाली, नियम गेला की आधी आपण येणार नाही, आधी जेसीबी येईल. उतरायला उतार कुठे ठेवतील? जावईबापूंनी, जे बैठकीत क्वचितच बोलतात, अर्ज महिनाभर थांबवायचं सुचवलं. फावड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. डिसेंबरातले रविवार फलक धरून उभं राहण्यात गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा घोषणा दिल्या, त्याही हिंदीत.

२९ डिसेंबरला न्यायालयानंच त्या आदेशाला स्थगिती दिली आणि नव्यानं तज्ज्ञांची समिती नेमायची भूमिका घेतली. आम्ही मसुदा पुन्हा काढला. आता तो निम्म्यानं लहान झाला होता. खोदकाम नाही, लाकडी उतार नाही, बांध नाही. शेळ्यांच्या आहेत त्याच वाटा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे अंड्यांचे महिने वगळून. सूर्योदयानंतर, दहाच्या आत. ही शेवटची अट शिक्षिकाबाईंची. त्यांनी त्याबदल्यात अर्जावर सही केली, खाली ‘माझ्या मनाविरुद्ध’ असं लिहायचा हट्ट मात्र सोडला नाही. लांब केसांचा मुलगा म्हणाला, याला डाउनहिल म्हणत नाहीत, याला सायकल फिरवून आणणं म्हणतात. तो मनालीला जातो म्हणाला आणि खरंच गेला.

कचेरीतल्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला. मला खुर्ची मिळाली, पोरं उभी. माझ्या केसांचा तेवढा उपयोग झाला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ऑलिम्पिकमध्ये आहे का हा खेळ? डोंगरी सायकल आहे, १९९६ च्या अटलांटापासून, पण ती क्रॉस-कंट्री, चढउताराची लांब शर्यत. डाउनहिलचं जागतिक अजिंक्यपद १९९० पासून होतं, ऑलिम्पिकमध्ये मात्र ते नाही. जावईबापूंनी हे सगळं खरंखरं सांगितलं. खोटं बोलता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. दुसरा प्रश्न, कुणाचं डोकं फुटलं तर जबाबदार कोण? आम्ही हमीपत्र काढून दिलं. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण मला ऐकू आला: यात आमचं काय? अर्जावर आवक क्रमांक पडला. हिस्सेदारांची संमती आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, असं सांगून आम्हाला वाटेला लावलं.

ठरावासाठी पुन्हा ताऊंची खाट गाठली. या खेपेला त्यांचा नातूही बसला होता, बिनगिअरच्या हिरोवरून तोच उतार उतरणारा, हेल्मेटबिल्मेट काही नाही. ताऊंनी संमतीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ठराव करून देतो. पण ही वीस मिनिटं ढकलत नेणं त्यांना बघवत नव्हतं. जुन्या खाणीचा कच्चा रस्ता माथ्याच्या जवळून जातो. नातू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सायकली घालून वर सोडेल. माणशी शंभर रुपये.

जावईबापू माझ्याकडे बघायला लागले. मी पन्नास म्हटलं. ताऊ ऐंशीवर अडून आहेत. शिक्षिकाबाईंना हे अजून कळवलेलं नाही, आणि जुन्या खाणीच्या रस्त्यावर भाड्याची ट्रॉली नेली तर कलम ४ आड येतं का, ते मी सध्या वाचतेय.